लॉफ्टकाका

जानेवारीत रात्रभर पारा शून्याखाली राहिला की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वस्तीतून एक गृहस्थ मान वर करून चालताना दिसतात. डोक्याला कानटोपी, अंगात जाड जाकीट आणि नजर छपरांवर. पक्षी बघतायत म्हणावं, तर गळ्यात दुर्बीण नाही. एखाद्या घराच्या कौलांवर दव गोठून पांढरंशुभ्र राहिलेलं असलं की ते त्या घरासमोर थांबतात आणि समाधानाने मान डोलावतात. शेजारच्या घराची कौलं काळी, ओली दिसली की तोंडाने "च्‌ च्‌" करतात. छप्पर पांढरं म्हणजे घरातली ऊब घरातच राहिली. काळं म्हणजे ती माळ्यातून वर निसटली, कौलांना लागली आणि दव वितळलं. आतला माणूस गॅसचं बिल भरून आकाश तापवतोय. "चौदा नंबरचं काही खरं नाही," घरी येऊन ते काकूंना सांगतात, "अख्खं गेलंय." चौदा नंबरमध्ये नव्वदीच्या एक आजी एकट्या राहतात. हे वाक्य पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा काकूंनी हातातला चहा खाली ठेवला होता.

हे आमचे लॉफ्टकाका. खरं नाव पासपोर्टावर आणि गॅसच्या बिलावर आहे, बाकी कुठे ते वापरात नाही. रेडिंग, स्लाऊ, बेसिंगस्टोक, वर मिल्टन कीन्स, इंग्लंडात जिथे जिथे पंचवीस-तीस मराठी घरं जमतात तिथे काही पदं आपोआप भरली जातात. एक सॉफ्टवेअरवाला सत्यनारायण सांगतो. एकजण मे महिन्यात हापूसच्या पेट्यांची यादी करतो आणि जूनपर्यंत शिव्या खातो. एक वहिनी चकल्यांच्या ऑर्डरी घेतात. आणि एक लॉफ्टकाका असतो. या पदासाठी अट एकच: स्वतःच्या घराच्या माळ्यावर स्वतःच्या हाताने फळ्या ठोकलेल्या असाव्यात आणि त्याबद्दल न विचारता सांगण्याची तयारी असावी.

काका मूळचे डोंबिवलीचे. वन रूम किचन, माणसं सहा, आणि मोरीच्या डोक्यावर सिमेंटचा एक माळा. त्या माळ्यावर तांब्याचा बंब होता, जो गॅस आल्यावर कुणी पेटवला नाही. थर्मोकोलचं मखर होतं, आजीचं घंगाळ होतं, मोठ्या बहिणीच्या बारावीच्या वह्या होत्या आणि एका रेडिओचा खोका होता. रेडिओ विकून टाकला होता, खोका राहिला होता. दरवर्षी दिवाळीच्या आधी वडील स्टुलावर चढायचे, एकेक वस्तू खाली द्यायचे, आई ती पुसायची, आणि ज्या क्रमाने खाली आली त्याच्या उलट क्रमाने ती वर जायची. याला त्या घरात माळा साफ करणं म्हणत. टाकलं काहीच जात नसे. "असू दे, लागेल कधीतरी" हे वाक्य म्हटलं की वस्तूला पुढच्या वर्षापर्यंत जामीन मिळे.

हे संस्कार घेऊन काका दोन वर्षांसाठी म्हणून ऑनसाइट आले आणि इथलेच झाले. भाड्याची घरं झाली, मग ऐंशीच्या दशकात बांधलेल्या एका वसाहतीत घर घेतलं. किल्ल्या हातात आल्यावर माणसं आधी स्वयंपाकघर बघतात. काकांनी जिन्याच्या वरच्या छतातलं चौकोनी झाकण ढकललं आणि डोकं आत घातलं. समोर काय, तर अख्ख्या घराएवढी मोकळी जागा! डोंबिवलीचं अख्खं घर पाय पसरून दोनदा झोपलं असतं एवढी. सोसायटी नाही, मेंटेनन्स नाही, वरच्या मजल्यावरचे पाटे-वरवंटे नाहीत. ते बराच वेळ तसेच, अर्धे आत आणि अर्धे शिडीवर उभे होते म्हणे. काकू खालून म्हणाल्या, "अहो, काय आहे वर?" काका म्हणाले, "काही नाही." त्या 'काही नाही'त जेवढा आनंद होता तेवढा लग्नातही दिसला नव्हता, असं काकूंचं मत आहे.

आनंद टॉर्च लावेपर्यंत टिकला. टॉर्च लावल्यावर दिसलं की या जागेला जमीनच नाही. दोन-दोन फुटांवर आडव्या लाकडी तुळया, त्यांच्यामध्ये कळकट पिवळी लोकर, आणि लोकरीखाली साडेबारा मिलिमीटरचं प्लास्टरबोर्ड, जे पाहुण्याच्या खोलीचं छत म्हणून काम करतं आणि ज्यावर मांजरानेही जपूनच बसावं. शिवाय छताला धरून ठेवणाऱ्या लाकडी कैच्या, इंग्रजी डब्ल्यूच्या आकाराच्या, जागेच्या बरोब्बर मधून तिरप्या आडव्या गेलेल्या. सरळ चालायचं म्हटलं तर कपाळमोक्ष. आणि त्यातलं एकही लाकूड कापायचं नाही, कापलं तर छप्पर खाली बसेल. काका आजही नवख्या माणसाकडून आधी हे वदवून घेतात: कैची कापणार नाही. मग पुढचं बोलतात.

इथून खरी गोष्ट सुरू होते, आणि ती समजायला थोडी मोजमापं लागतात. काका ती पाहुण्याच्या हातात चहा यायच्या आत देतात. न झाकलेल्या घराची पाव ऊब छपरातून जाते. म्हणून माळ्यावर लोकर अंथरायची, आणि ती २७० मिलिमीटर जाड हवी. तुळया असतात साधारण १०० मिलिमीटर उंच. म्हणजे पहिला थर तुळयांच्या मध्ये आणि दुसरा, १७० मिलिमीटरचा, तुळयांवरून आडवा. आता या दुसऱ्या थराने तुळया दिसेनाशा झाल्या. मग फळ्या ठोकायच्या कशावर? सामान्य माणूस काय करतो, दुसरा थर घालतच नाही. किंवा घालतो, त्यावर फळ्या दाबून बसवतो आणि स्क्रू पिळतो. हे दुसरं ऐकलं की काका डोळे मिटून घेतात.

"अहो, लोकर ऊब अडवते असं वाटतं ना तुम्हाला? लोकर काही करत नाही. लोकरीत अडकलेली हवा अडवते. भाकरी फुगलेली आहे तोवर ठीक. वरून उलथनं दाबलंत, पापुद्र्याला पापुद्रा चिकटला, की उरलं काय? २७०ची दाबून १०० केलीत तर पैसे २७०चे गेले आणि ऊब १००ची राहिली."

म्हणून तुळयांवर प्लॅस्टिकचे पाय ठोकायचे, पायांवर फळ्या, आणि फळ्यांखाली लोकरीला सुखाने फुगू द्यायचं. एवढ्यावरही भागत नाही. लोकरीच्या डोक्यावर आणि फळीच्या पोटाखाली आणखी पाच सेंटिमीटर मोकळं सोडायचं, वारा खेळायला. वळचणीलाही फट ठेवायची, तिथून वारा आत यायला.

हे सगळं काका इतरांना तोंडपाठ म्हणून दाखवतात, पण स्वतःच्या घरी करताना त्यांच्या जिवाचं काय झालं असेल ते डोंबिवलीकराला विचारा. अख्ख्या घरभर सत्तावीस सेंटिमीटर उंचीची जागा, आणि तिच्यात ठेवायचं काय, तर हवा! तीही दुकानातून पैसे देऊन आणलेल्या लोकरीत भरलेली. त्यांच्या आईने सत्तावीस सेंटिमीटरमध्ये दोन गाद्या, एक होल्डॉल आणि घडीची खाट बसवली असती. आणि वर ते पाच सेंटिमीटर, नुसतेच. काकांनी आयुष्यात केलेला हा सगळ्यात मोठा त्याग, असं मी मानत होतो.

हा त्याग त्यांच्याकडून २०२२ने करवून घेतला. त्या वर्षी एप्रिलमध्ये ऊर्जा-नियामक ऑफजेमने घरगुती गॅस-विजेच्या दरांची मर्यादा एकदम ५४ टक्क्यांनी वर नेली आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभाताची फुलं बंद होऊन मीटरचे फोटो यायला लागले. माणसं घरात स्वेटर घालून बसू लागली. इंडक्शनवर चहा स्वस्त पडतो की गॅसवर, यावर दोन सख्खे साडू आठवडाभर बोलेनात. त्या उन्हाळ्यात काका माळ्यावर गेले. तोंडाला मास्क, कपाळाला दिवा, गुडघ्यांना पॅड, हातमोज्यांवर मनगटापाशी चिकटपट्टी, कारण ग्लासवूल एकदा बाहीत शिरलं की रात्रभर माणूस स्वतःला खाजवतो आणि बायकोला सांगतो की काही झालं नाही. फळ्या १२२० बाय ३२० मिलिमीटरच्या, जाडी १८, तीन-तीनच्या गठ्ठ्यात. एवढ्या चिंचोळ्या का, तर माळ्याच्या झाकणातून वर गेल्या पाहिजेत. एवढा विचार करणारा फळीवाला आपल्याकडे का नाही, यावर काकांचं स्वतंत्र भाषण आहे. लोकर कापायला पाव कापायची दातेरी सुरी उत्तम, हा शोधही त्यांचाच. शोध लागला तेव्हा ती सुरी घरात एकच होती, हे काकूंना नंतर पावभाजीच्या दिवशी कळलं.

फळ्या बसल्या. आणि मग काकांना वजनाचा आकडा सापडला.

या कैचीच्या छपरांची तुळई मुळात खालचं छत धरायला असते. तिच्यावर सामान ठेवायचं तर हिशेबात धरलेला भार चौरस मीटरला सुमारे २५ किलो. एक माणूस वर चढला तर त्याची सोय वेगळी धरलेली असते, सामानाची एवढीच. दुसऱ्या कुणाला २५ किलो म्हटल्यावर काही डोळ्यांसमोर येणार नाही. पण वीस वर्षं मुंबईच्या वाऱ्या करणाऱ्या मराठी माणसाला २३ किलो म्हणजे काय ते हातांनी माहीत असतं. भाजणी, गोडा मसाला, आईने शेवटच्या क्षणी कोंबलेला लोणच्याचा डबा, विमानतळावर काट्यावर चढवलेली आणि परत उघडलेली ती बॅग. चौरस मीटरला एक चेक-इन बॅग! काकांना हा हिशेब इतका आवडला की त्यांनी बॅगा तोलायचा हुकाचा काटा माळ्याच्या शिडीलाच कायमचा टांगला. पण ते सावध गृहस्थ. त्यांनी फळीचं स्वतःचं वजनही मोजलं. १८ मिलिमीटरची फळी चौरस मीटरला बारा किलोच्या आसपास भरते. ते त्यांनी वजा केलं. राहिले तेरा. म्हणजे चेक-इनवरून थेट केबिन बॅगेवर.

तेव्हापासून त्या माळ्याचा कारभार विमान कंपनीसारखा चालतो. जमिनीवर खडूने चौकोन आखलेत, त्यांना क-१, क-२ असे नंबर आहेत आणि लॅपटॉपवर तक्ता आहे. प्रत्येक वस्तू वर जाण्याआधी काट्याला लागते. मंडळाच्या गणपतीचं मखर त्यांच्याकडेच असतं. ते फोमचं असल्यामुळे त्याला विनाशुल्क प्रवेश. पोवाड्यासाठी केलेल्या पुठ्ठ्याच्या ढाली आणि तलवारी, पास. मुलीचा पाळणा, सुटा करून तीन चौकोनांत विभागून. दिवाळी अंकांना मात्र कडक नियम: जाडजूड अंक असतील तर चौरस मीटरला तीस, त्यापेक्षा एकही जास्त नाही. मागे एका मित्राने भारतात परत जाताना वीस वर्षांचे अंक ठेवून घ्या म्हणून गळ घातली, तेव्हा काकांनी तक्ता उघडून त्याला सांगितलं की मराठी साहित्याचा हा भार माझी तुळई पेलणार नाही.

आणि खोके. टीव्हीचा खोका, मिक्सरचा खोका, तीन व्हॅक्यूम क्लीनरांचे चार खोके. 'वॉरंटीत परत पाठवायची वेळ आली तर?' या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण वॉरंटी संपल्यावर 'घर बदललं तर?' हा प्रश्न तयार असतो. बॅगांत बॅगा, त्यांत आणखी बॅगा, आणि सगळ्यात आतल्या बॅगेत २००३ साली येताना आणलेला पोळपाट. काकू इथल्या भारतीय दुकानातून दुसरा पोळपाट आणून आज कित्येक वर्षं पोळ्या लाटतायत. पण आतला पोळपाट वर सुरक्षित आहे, ही गोष्ट काकांना बळ देते.

काकूंचं म्हणणं वेगळं आहे. "मला जे हवं असतं ते नेहमी क-चौदाला कसं असतं?" क-चौदा म्हणजे पार वळचणीचा कोपरा, जिथे पोटावर सरपटत जावं लागतं. पुरणयंत्र तिथे आहे. होळीला इतकी वर्षं त्या घरी पुरण मिक्सरमधून निघतं आणि काका जेवताना म्हणतात, "यंत्रातल्या पुरणाची सर नाही."

यावर उपाय म्हणून काकूंनी एकदा माळ्याचा आपल्या परीने उपयोग केला. १९ जुलै २०२२ला लिंकनशायरमध्ये कॉनिंग्सबीला पारा ४०.३ अंशांवर गेला, या देशात तेवढा कधीच गेला नव्हता. आमच्याकडेही उन्हाचा वणवा होता. छपराखाली तर भट्टीच, कारण लोकर खोल्यांना वाचवते, लोकरीच्या वरचा माळा तापायचा तेवढा तापतोच. इंग्लंडच्या इतिहासात पहिल्यांदा सांडगे वाळण्यासारखी हवा झाली आहे हे काकूंनी ओळखलं आणि काका ऑफिसात असताना दोन ताटं सांडगे वर नेऊन ठेवले. संध्याकाळी काका वर गेले. ग्लासवूलचे कण, सांडगे, तळण आणि पोट या विषयावर त्या दिवशी जे भाषण झालं ते शेजाऱ्यांनी उघड्या खिडक्यांतून ऐकलं. सांडगे गेले. काकूंनी ते अजून विसरलेले नाहीत. "उत्तम कडक झाले होते," असं त्या म्हणतात, आणि त्यांच्या आवाजात हळहळ असते.

पण काकांना खरा धडा दिला तो हिवाळ्याने. लोकर घातली म्हणजे खोल्या उबदार झाल्या, पण माळा आधीपेक्षा गार पडला, कारण आता खालून त्याला ऊब मिळेना. आणि खाली आपलं घर. कुकरच्या चार शिट्ट्या, उतू जाणारं दूध, फोडणी, रेडिएटरवर वाळत घातलेले टॉवेल, मुलीची अर्ध्या तासाची आंघोळ. ही सगळी वाफ गरम, म्हणून वर चढणार. झाकणाच्या फटीतून ती माळ्यावर गेली, छपराखालच्या गार कापडाला टेकली आणि तिचं पाणी झालं. फेब्रुवारीत काका वर गेले तर बॅगांवर बुरशीची हिरवट पांढरी नक्षी. इंग्रज शेजाऱ्याने बटाटे उकडले तरी वाफ होतेच, पण तिचा माग लागत नाही. आमची वाफ कुठे जाऊन बसली ते नाकाला कळतं. त्या वर्षी मुंबई विमानतळावर काकांच्या बॅगेचं ग्रीन चॅनलला काही झालं नाही, पण बहिणीने दार उघडताच विचारलं, "काय रे, आमटी आणलीस का तिकडनं?"

तेव्हापासून त्या घरात कुकर लावायच्या आधी पंखा लावायचा, झाकणाला भोवती फोमची पट्टी, झाकणाच्या पाठीवरही इन्सुलेशन आणि वळचणीची फट मोकळी. वर साड्या नाहीत, फोटो नाहीत, पुस्तकं असली तर झाकणबंद डब्यात. काका म्हणतात, इंग्लंडातला माळा हे कपाट नाही, ते छप्पर असलेलं अंगण आहे. हे वाक्य ते स्वतःचं म्हणून सांगतात आणि असेलही.

आता त्यांची दौऱ्याची पद्धत. कुणाकडे बारसं असो, साखरपुडा असो, काका जिना दिसला की वर बघतात. बाळाचं वय विचारायच्या आधी घराचं वय विचारतात. जेवणं झाली की यजमान स्वतःच म्हणतो, "काका, जरा वर बघता का?" आणि काका, जे मुद्दाम जुनी पँट घालून आलेले असतात, "आत्ता? बरं, म्हणताय तर" असं म्हणून खिशातून कपाळाचा दिवा काढतात. वर गेल्यावर त्यांचे प्रश्न खालच्या मंडळींना एकेक करून ऐकू येतात. "या वायरी लोकरीखाली कुणी दाबल्या? तापतील त्या. वर काढा." "छतातल्या दिव्यांवर लोकर टाकलीय? आग लावायचीय का?" "पाण्याच्या टाकीखालीही घातलीत? अहो, टाकीला खालची ऊब मिळू द्या, थंडीत गोठेल ती. बाजूंनी घाला, झाकणावर घाला, खाली नको." हे सगळं बरोबर असतं. माझी तक्रार एवढीच, की हे पाहुण्यांच्या अंगावर लोकरीचे कण पडत असताना आणि श्रीखंडाच्या वाट्या उघड्या असताना चाललेलं असतं.

वर जायची गरजच पडत नाही अशीही घरं आहेत. पाहुण्यांच्या खोलीच्या छताला एखादं चौकोनी ठिगळ दिसतं, बाजूच्या पांढऱ्यापेक्षा जरा वेगळ्या पांढऱ्या रंगाचं. काका त्याच्याकडे बघतात, मग यजमानाच्या पायांकडे बघतात. "नऊ नंबर?" ते हळूच विचारतात. यजमान मान खाली घालतो. तुळई सोडून मध्ये पाय पडला की तो खालच्या खोलीत निघतो. एका घरी तो सासूबाईंच्या वामकुक्षीच्या वेळी निघाला होता, आणि जावयाचा पाय आहे म्हणून त्यांनी झोपेतच नमस्कार केला, अशी कथा आहे. मी ती खरी मानत नाही. जावई मात्र आता आमच्या गावात राहत नाहीत.

एका कुटुंबाच्या माळ्यावर वटवाघळं निघाली. त्या माणसाने फळ्यांची ऑर्डर देऊन ठेवली होती. काकांनी टॉर्च फिरवला, तुळईवरच्या उंदराच्या लेंड्यांसारख्या काळ्या कणांना बोट लावलं, त्यांचा चुरा झाला, आणि लगेच खाली उतरून गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "काम बंद." ब्रिटनमध्ये १९८१च्या वन्यजीव कायद्याने वटवाघळांना संरक्षण आहे. त्यांच्या बिऱ्हाडाला धक्का लावणं गुन्हा, ती त्या दिवशी घरात नसली तरी. गिरगावातल्या चाळीचा मालक म्हणून पागडीच्या भाडेकरूंशी भांडण्यात आयुष्य गेलेला एक वृद्ध गृहस्थ तिथे बसला होता. तो म्हणाला, "भाडं तरी देतात का?" काका म्हणाले, "नाही." तो बराच वेळ हसत होता.

या सगळ्यात एक गोष्ट इंग्रजांकडून शिकण्यासारखी आहे, आणि ती काकांना आवडत नाही. २०१०मध्ये कॅमेरून सरकारने लोकांच्या सवयींचा अभ्यास करायला एक तुकडी नेमली होती, तिला सगळे 'नज युनिट' म्हणत. माळ्यावर लोकर घालायला सरकार सवलत देतं, पैसे वाचतात, तरी लोक घालून का घेत नाहीत, हा त्यांच्यापुढचा एक प्रश्न. उत्तर असं निघालं की माळा अडगळीने भरलेला असतो आणि तो रिकामा करायचा कंटाळा येतो. मग लोकरीबरोबर माळा आवरून देणारी माणसंही पाठवायची कल्पना निघाली. म्हणजे रोग आपल्याकडचाच. फरक एवढा, की त्यांनी अडगळ उचलायला माणूस दिला. काकांना हे मी सांगितलं तेव्हा ते दुखावल्यासारखे झाले. "अडगळ?" ते म्हणाले. त्यांच्या तक्त्यात त्या नावाचा रकाना नाही.

गेल्या वर्षी काकांनी घराच्या ऊर्जेचं प्रमाणपत्र नव्याने काढायचं ठरवलं. ते लागतं घर विकताना किंवा भाड्याने देताना, आणि काकांना यातलं काहीच करायचं नव्हतं. पण घर घेतानाच्या जुन्या प्रमाणपत्रावर घराला 'डी' मिळाला होता. ए ते जी अशा सात इयत्ता असतात. मुलीला जीसीएसईच्या परीक्षेत सगळे वरचे ग्रेड आणि घराला 'डी', ही बोच काकांना असह्य होती. "निदान बी," ते म्हणत.

तपासनीस बाई आल्या. तरुण, नम्र, हातात टॅबलेट. बॉयलर पाहिला, खिडक्या पाहिल्या, शिडीवरून माळ्यात डोकं घातलं. सगळीकडे फळ्या, फळ्यांवर खडूचे चौकोन, चौकोनांत खोके. फारच नीटनेटकं आहे, असं त्या म्हणाल्या. पण लोकर दिसत नव्हती. आणि नियम असा, की जे दिसत नाही, मोजता येत नाही, ज्याचे कागदही नाहीत, ते घराच्या वयावरून अंदाजाने धरायचं. ऐंशीच्या दशकातलं घर म्हणजे ऐंशीच्या दशकातली पातळ लोकर. पुन्हा 'डी'.

काकांकडे कागद होते. लोकरीची पावती, फूटपट्टी उभी धरून काढलेले फोटो, सगळं एका फाइलीत. फाइल क-नऊला होती. क-नऊवर मखर होतं. मखराला टेकून ढाली होत्या. बाईंना पुढची भेट होती. तेव्हा काका म्हणाले की त्यापेक्षा एक फळी उचलतो, तुम्ही स्वतःच मोजा. कोपऱ्यातल्या दोन बॅगा त्यांनी बाजूला घेतल्या, स्क्रू काढले आणि फळी उचलली. बाईंनी टॉर्च मारला.

लोकर होती. फुगलेली, न दाबलेली, आणि पट्टी घातल्यावर २७०ला किंचित वर. पण लोकरीच्या वर, फळीच्या खाली, त्या वाऱ्यासाठी सोडलेल्या पाच सेंटिमीटरमध्ये, २००४पासूनची सगळी कालनिर्णयं एकाशेजारी एक ओळीने पसरलेली होती. त्यांच्या पलीकडे मुलीचे शाळेतले तक्ते, काकांच्या गुडघ्याचे एक्स-रे आणि घडी करून सपाट केलेला टीव्हीचा दुसरा खोका.

"व्हॉट इज दिस?" बाईंनी विचारलं.

"एअर गॅप," काका म्हणाले.

बाईंनी थोडा विचार केला आणि टॅबलेटवर काहीतरी लिहिलं. खाली शिडी धरून उभ्या असलेल्या काकूंना हे सगळं ऐकू जात होतं. त्या म्हणाल्या, "अहो, फळी काढलीच आहे तर २०११चं खाली द्या. त्याच्या पाठीमागे अळूवडीची कृती आहे, मी इतकी वर्षं शोधतेय. आणि बाईंना म्हणावं, चहा टाकलाय."

घराला 'सी' मिळाला.